नोकऱ्यांची तुलना: ‘काय महत्त्वाचं’ एवढं विचारून का भागत नाही

पदवीनंतर एकाच वेळी दोन-तीन ऑफर समोर आल्या की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: कागद घे आणि फायदे-तोटे लिहून काढ. सल्ला चांगला आहे आणि बराच जुनाही. १९ सप्टेंबर १७७२ रोजी बेंजामिन फ्रँकलिनने जोसेफ प्रीस्टलीला लंडनहून पत्र लिहिलं, तेही एका नोकरीच्याच प्रश्नावर. प्रीस्टली तेव्हा धर्मोपदेशक होता आणि लॉर्ड शेलबर्नने त्याला आपल्याकडे नोकरी देऊ केली होती: ग्रंथालय सांभाळायचं आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यायचं. फ्रँकलिनने कळवलं की काय ठरवावंस ते मी सांगू शकत नाही, पण कसं ठरवावंस ते सांगतो. कागदाचे उभे दोन भाग कर, एकीकडे बाजूची कारणं आणि दुसरीकडे विरुद्धची. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत राहा. मग सारख्या वजनाची कारणं दोन्हीकडून खोडत जा. शेवटी जे उरेल त्यावर निर्णय घे.

प्रीस्टलीने ती नोकरी घेतली. १७७४ साली शेलबर्नच्या वाड्यात काम करत असताना त्याने पाऱ्याचं ऑक्साइड तापवून ऑक्सिजन वेगळा केला. ही शक्यता कागदाच्या कुठल्याही बाजूला लिहिलेली असणं अशक्य होतं. ती बाजूला ठेवू.

फ्रँकलिनची युक्ती एका ऑफरला हो म्हणायचं की नाही, एवढ्यापुरती चालते. तीन ऑफर असल्या आणि एकीकडे पगार, दुसरीकडे शिकायला मिळणं, तिसरीकडे रोजचा प्रवास, अशी वेगवेगळ्या मापांची भांडणं लागली की खोडाखोडीने काम होत नाही. अशा निर्णयांसाठी विसाव्या शतकात एक पूर्ण शास्त्र उभं राहिलं. त्याला बहुनिकष निर्णय विश्लेषण म्हणतात. राल्फ कीनी आणि हॉवर्ड रायफा यांनी १९७६ साली त्याची गणिती बैठक नीट मांडली. विमानतळ कुठे बांधायचा, कचऱ्याची विल्हेवाट कशी लावायची, असल्या मोठ्या सार्वजनिक निर्णयांसाठी ते वापरलं जातं. पण आतलं गणित शाळेतल्या बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचं नाही.

रीत थोडक्यात अशी. पर्याय लिहायचे. ज्या गोष्टींवरून ते तोलायचे ते निकष लिहायचे. प्रत्येक निकषावर प्रत्येक पर्यायाला ० ते १०० मधले गुण द्यायचे. प्रत्येक निकषाला वजन द्यायचं, सगळी वजनं मिळून १००. गुण आणि वजन यांचा गुणाकार करून बेरीज करायची. तयार एक्सेल शीट वापरणारे बहुतेक जण इथपर्यंत अर्ध्या तासात पोचतात आणि चुकीच्या उत्तरावर समाधान मानतात. चूक बेरजेत नसते, वजनांत असते.

आधी निकष

निकष कमी असावेत. चार ते सहा पुरेत. पंधरा निकषांची यादी केली की ‘कंपनीचं नाव’, ‘प्रतिष्ठा’, ‘पुढच्या नोकरीसाठी बायोडेटावर दिसणारं वजन’ अशी एकच गोष्ट तीन वेशांत आत शिरते आणि तिला तिप्पट मतं मिळतात. दोन ओळींना सगळीकडे सारखेच गुण पडत असले तर त्या बहुधा एकच ओळ आहेत.

दुसरी काळजी म्हणजे निकष एकमेकांपासून सुटे असावेत. ‘रोजचा प्रवास’ आणि ‘आठवड्यातले घरून कामाचे दिवस’ हे वेगळे लिहिले तर बेरीज खोटी पडते, कारण दुसरा वाढला की पहिल्याचा त्रासच कमी होतो. ते एकत्र करून ‘आठवड्याचे प्रवासात जाणारे तास’ अशी एक ओळ करावी.

आणि जो निकष सगळ्या पर्यायांत सारखा आहे तो काढून टाकावा. आरोग्य विमा तिन्ही ठिकाणी सारखाच असेल, तर तो आयुष्यात कितीही मोलाचा असला तरी या तक्त्यात त्याला काम नाही. हे वाक्य सगळ्यांना चटकन पटतं. मग विमा जर सगळीकडे सारखा नसून किंचित वेगळा असेल, तर? त्याला एकदम पूर्ण वजन द्यायचं का? इथेच खरी अडचण सुरू होते.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा एका मुलीसमोर तीन जागा आहेत: एक मोठी कंपनी, एक छोटा स्टार्टअप आणि एका संशोधन संस्थेतली प्रकल्प सहायकाची जागा. हातात येणारा सर्वांत मोठा पगार १०० धरला, तर चित्र असं आहे.

| | मोठी कंपनी | स्टार्टअप | संशोधन संस्था |
|---|---|---|---|
| पगार | १०० | ९६ | ९२ |
| शिकायला मिळणं (गुण) | ० | ८० | १०० |
| स्थैर्य (गुण) | १०० | ० | ५० |
| रोजचा प्रवास, मिनिटं | १०० | २० | ६० |

शिकण्याचे गुण हवेत काढलेले नाहीत. पहिल्या वर्षात स्वतः काय करायला मिळेल आणि काम तपासून चुका दाखवणारं अनुभवी माणूस शेजारी असेल का, हे दोन प्रश्न तिने तिन्हीकडे विचारले. शून्य गुण म्हणजे काहीच शिकायला मिळणार नाही असं नव्हे, तर या तिघांत सर्वांत कमी. १०० म्हणजे या तिघांत सर्वांत जास्त. पगार आणि प्रवासही त्याच मापात आणायचे: पगारात १०० ला पूर्ण गुण, ९२ ला शून्य आणि मधल्या ९६ ला ५०. प्रवासात २० मिनिटांना १००, ६० मिनिटांना ५० आणि १०० मिनिटांना शून्य.

आता वजनं. ‘तुला काय किती महत्त्वाचं वाटतं?’ असं विचारलं तर ती प्रामाणिकपणे म्हणते: पगार ४०, शिकणं ३०, स्थैर्य २०, प्रवास १०. उत्तरात काहीही वावगं वाटत नाही, बहुतेक जण असंच काहीसं सांगतील. बेरीज केली की मोठ्या कंपनीला ६०, स्टार्टअपला ५४ आणि संशोधन संस्थेला ४५ गुण पडतात. मोठी कंपनी जिंकली आणि विषय संपला.

पण या वजनांनी तिच्या नावावर एक सौदाही करून टाकला आहे आणि तो तिने पाहिलेला नाही. पगाराच्या ८ एककांच्या फरकाला ४० गुण, म्हणजे प्रत्येक टक्क्याला ५. प्रवासाच्या ८० मिनिटांना १० गुण, म्हणजे प्रत्येक मिनिटाला एक अष्टमांश. दोन्ही शेजारी ठेवले की अर्थ निघतो: एक टक्का जास्त पगारासाठी ती रोज ४० मिनिटं जादा प्रवास करायला तयार आहे. महिन्यात २२ कामाचे दिवस धरले तर हे जवळपास १५ तास होतात. रोज ८ तासांच्या हिशोबाने एक टक्का पगार म्हणजे महिन्यातल्या पावणेदोन तासांची कमाई. पावणेदोन तासांच्या पैशासाठी १५ तास गाडीत बसायला ती तयार आहे का? विचारलं तर ती हसेल. तक्त्याने मात्र तिच्या वतीने हो म्हणून टाकलं आहे.

चूक तिची नाही, प्रश्नाची आहे. ‘पगार महत्त्वाचा आहे का?’ असं विचारल्यावर डोळ्यांसमोर पगार असणं आणि नसणं येतं. तिच्यासमोरचा फरक मात्र १०० आणि ९२ एवढाच आहे. शिकण्यात पडणारा फरक याहून कितीतरी मोठा आहे. वजन निकषाला नसतं, त्या निकषातल्या अंतराला असतं: समोरच्या पर्यायांत सर्वांत वाईट ते सर्वांत चांगलं, एवढ्या पल्ल्याला. एवढं एक ध्यानात राहिलं तर बाकीची रीत विसरली तरी चालेल, असं माझं मत आहे.

झोक्याने वजन काढणं

हे अंतर प्रश्नातच आणायची एक साधी पद्धत आहे. डेटलोफ फॉन विंटरफेल्ड आणि वॉर्ड एडवर्ड्स यांच्या १९८६ सालच्या मांडणीतून ती बरीच पसरली. एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेल्यावर किती फरक पडतो, हे ती मोजते.

सगळ्यात वाईट गोष्टी एकत्र केलेली एक काल्पनिक नोकरी डोळ्यांपुढे आणायची: पगार ९२, शिकायला सर्वांत कमी, स्थैर्य सर्वांत कमी, रोज १०० मिनिटांचा प्रवास. आता विचारायचं: यातली फक्त एक गोष्ट सर्वांत वाईटावरून सर्वांत चांगल्यावर नेता आली, तर पहिल्यांदा कुठली नेशील? आमची मुलगी क्षणभरही न थांबता म्हणते, शिकणं. त्या बदलाला १०० गुण. मग उरलेल्यांपैकी कुठली? स्थैर्य. शिकण्याच्या १०० च्या तुलनेत या बदलाला किती? ६०. मग प्रवास, १०० मिनिटांवरून २० वर: ५०. सर्वांत शेवटी पगार, ९२ वरून १००: ४०.

एकूण २५०. टक्क्यांत मांडलं तर शिकणं ४०, स्थैर्य २४, प्रवास २०, पगार १६. आधीचा पहिला नंबर आता शेवटी आला, आणि तिची मूल्यं मात्र तसूभरही बदललेली नाहीत. बेरीज अशी: संशोधन संस्था ६२, स्टार्टअप ६०, मोठी कंपनी ४०. क्रम पूर्ण उलटा झाला.

सौद्याची तपासणी इथेही करायची. या वजनांनी पगारातला एक टक्का म्हणजे रोजची ८ मिनिटं. महिन्याला सुमारे ३ तास. पटतं का, हे तिने ठरवायचं. थोडं जास्त वाटत असेल तर पगाराचे गुण आणखी खाली यायला हवेत.

याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. उद्या चौथी ऑफर आली आणि तिचा पगार ६० असला, तर पगाराचा पल्ला ९२ ते १०० वरून ६० ते १०० होतो. जुनी वजनं मग चालत नाहीत, प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. एकदा काढलेली ‘माझी प्राधान्यं’ भिंतीवर लावून प्रत्येक ऑफरला तीच लावणं म्हणूनच निरर्थक आहे.

आणखी एक, घाईघाईने सांगून टाकतो: ९२, ९६, १०० अशा जवळच्या पगारांत सरळ रेषेने गुण दिले तर बिघडत नाही. पल्ला मोठा असला तर बिघडतं, कारण भाडं आणि कर्जाचा हप्ता भागवणारे पहिले पैसे आणि त्यावरचे पैसे यांची किंमत सारखी नसते. तिथे मधल्या आकड्यांना हाताने गुण द्यावेत.

बासष्ट आणि साठ

६२ आणि ६० हा निकाल नव्हे. वजनं अंदाजाने सांगितलेली असताना दोन गुणांच्या फरकावर आयुष्याची दोन वर्षं लावू नयेत. इथे या पद्धतीतली मला सर्वांत उपयोगी वाटणारी पायरी येते: आकडे हलवून पाहायचे आणि निकाल कधी उलटतो ते शोधायचं.

स्थैर्याचे गुण ६० ऐवजी ५० केले की संशोधन संस्था आणि स्टार्टअप बरोबरीत येतात. त्याहून खाली गेले की स्टार्टअप पुढे. पगाराचे गुण ४० वरून ५० च्या वर नेले तरी स्टार्टअप पुढे. म्हणजे या दोघांमधला कौल काठावरचा आहे. मोठ्या कंपनीचं तसं नाही. ती जिंकायला हवी असेल तर पगाराचे गुण १४० च्या वर न्यावे लागतात. म्हणजे आठ टक्के जादा पगार हा शिकण्यातल्या सबंध फरकापेक्षाही चांगलाच मोठा आहे, असं म्हणावं लागतं. ते ती म्हणणार नाही. तेव्हा एक प्रश्न मिटला: मोठी कंपनी बाहेर. तीन नोकऱ्यांचा गोंधळ दोन नोकऱ्यांवर आला आणि ती दोघांपैकी कशावर अडली आहे तेही कळलं.

वजनं देणंच ज्यांना जमत नाही त्यांनी सगळ्यांना सारखी देऊन पाहावीत. रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवलं की भाकीत करताना निकष बरोबर निवडलेले असले, तर सारख्या वजनांची साधी बेरीजसुद्धा जाणकारांच्या अंदाजाहून अनेकदा सरस ठरते. त्याचं काम भाकितांबद्दल होतं, निवडीबद्दल नव्हे, त्यामुळे ते इथे जसंच्या तसं लागू करू नये. पण तपासणी म्हणून ठीक आहे. आपल्या तक्त्यात सारखी वजनं दिली तर स्टार्टअपला ५७.५ आणि बाकी दोघांना प्रत्येकी ५० गुण पडतात. सारखी वजनं दिली तरी पल्ल्याचा घोळ तसाच राहतो हे मात्र विसरू नये. आठ टक्के पगार आणि शिकण्यातला सबंध फरक इथे एका पारड्यात बसले आहेत.

इतर घराणी

या विषयात शोध घेतला की पहिल्यांदा थॉमस साटीची पद्धत भेटते. १९७० च्या दशकात त्याने ती बांधली. निकष जोडीजोडीने समोर ठेवायचे आणि पहिला दुसऱ्यापेक्षा किती पट महत्त्वाचा, हे १ ते ९ या मापावर सांगायचं. तिचा एक गुण मला आवडतो: तुम्ही स्वतःशी विसंगत बोलत असाल तर ती पकडते. शिकणं पगाराच्या तिप्पट, पगार प्रवासाच्या दुप्पट, आणि तरीही प्रवास शिकण्याच्या बरोबरीचा असं म्हणालात, तर विसंगतीचं गुणोत्तर वर जातं. ते ०.१० च्या पुढे गेलं की उत्तरं पुन्हा तपासावीत असा साटीचा दंडक आहे. दोष दोन आहेत. ‘किती पट महत्त्वाचा’ या प्रश्नात पल्ला पुन्हा हरवतो. शिवाय व्हॅलेरी बेल्टन आणि टोनी गिअर यांनी १९८३ साली दाखवलं की आधीच्या एका पर्यायाची हुबेहूब नक्कल यादीत टाकली, तर आधीच्या पर्यायांचा आपसातला क्रम बदलू शकतो. चार निकष आणि तीन नोकऱ्यांसाठी एवढा घाट घालायची गरज नाही.

बर्नार्ड रॉय यांनी फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात सुरू केलेली वाट मात्र एका महत्त्वाच्या कारणाने माहीत असावी. बेरजेच्या पद्धतीत एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या भरपूर गुणांनी भरून निघते. पगार पुरेसा चांगला असला की साहेबाची शिवीगाळही गणितात चालून जाते. रॉयच्या पद्धतीत नकाराधिकाराची सोय आहे. एखाद्या निकषावर पर्याय दुसऱ्यापेक्षा ठरावीक मर्यादेहून जास्त वाईट असला, तर बाकी सगळं उत्तम असूनही त्याला त्या दुसऱ्यापेक्षा सरस म्हणता येत नाही. साध्या तक्त्यातही हे आणता येतं. गुण द्यायच्या आधीच किमान अटी लिहून ठेवायच्या: कर्जाचा हप्ता आणि राहण्याचा खर्च निघेल एवढा पगार, प्रकृतीला झेपतील असे कामाचे तास, नोकरी सोडता येणार नाही असा बॉण्ड नको, वगैरे. जो पर्याय यात नापास झाला तो तक्त्यात येतच नाही. फक्त या अटी आधी लिहाव्यात. ऑफर पाहून नंतर सुचलेली अट बहुधा आधीच ठरलेल्या निर्णयाला दिलेला टेकू असते.

अजून हातात न आलेली ऑफर तक्त्यात पूर्ण गुणांनी बसवण्याची चूकही नेहमीची. ‘आणखी दोन महिने शोधत राहणं’ हा वेगळा पर्याय म्हणून लिहावा. त्याच्या पगाराच्या रकान्यात स्वप्नातला आकडा नको, त्या दोन महिन्यांत खरोखर मिळण्याची शक्यता धरून काढलेला आकडा हवा. स्थैर्याचे गुणही त्याच हिशोबाने द्यावेत.

घरातल्यांची मतं कुठे धरायची, असा प्रश्न निघतोच. त्यांना गुण द्यायला लावू नये. वजनं मात्र वेगळ्या कागदावर त्यांना काढू द्यावीत आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. ‘ही नोकरी घे’, ‘नाही घेणार’ हा वाद निदान एका ओळीवर येतो: तुम्ही स्थैर्याला १०० दिलेत, मी ६०. त्या एका ओळीवर बोलता येतं.

आता त्या मुलीकडे परत येऊ. तिचा निर्णय स्थैर्यावर अडला आहे आणि तिथे वजनाइतकेच गुणही कच्चे आहेत. संशोधन संस्थेला तिने ५० गुण दिले, कारण करार दोन वर्षांचा आहे आणि पुढे वाढतो असं ऐकलं आहे. हे ५० चाळीसवर आले तरी स्टार्टअप पुढे जातो. तेव्हा वजनं आणखी घासत बसण्यापेक्षा दोन फोन करावेत. संशोधन संस्थेला विचारायचं: याआधीच्या प्रकल्प सहायकांपैकी किती जणांचा करार वाढवला आणि किती काळासाठी? स्टार्टअपला विचारायचं: नवा पैसा आला नाही तर हाती असलेल्या पैशांत पगार किती महिने निघतील? दोन्ही प्रश्न ऑफर हातात असताना विचारता येतात आणि विचारण्यात काही गैर नाही. कोणी उत्तर टाळलं, तर त्याचे स्थैर्याचे गुण खाली आणून बेरीज पुन्हा करायची.